साखळीवरचा शिक्का

व्हर्ना कोझ्लिक ईरी सरोवराकाठच्या साखळीच्या कारखान्यात लागली, तेव्हा भट्टीच्या धगीने भुवया करपायच्या. कडी तापवायची, वळवायची, सांधायची. मग साखळी यंत्रावर ताणायची. टिकली तरच तिच्यावर ‘अमेरिकेत बनलेली’ हा शिक्का. महाग असायची, पण बाप वापरून मुलाच्या हाती द्यायचा.

पुढे कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी भट्ट्या विझवल्या, ताणायचं यंत्र भंगारात काढलं. परदेशातून तयार साखळ्यांची खोकी येऊ लागली. व्हर्नाच्या हाती उरला नुसता शिक्का.

“ताणून न बघताच मारायचा?” तिने मुकादमाला विचारलं.

“तू मार गं,” तो दुसरीकडे बघत म्हणाला.

ती मारत राहिली. गावात दुसरा कारखाना नव्हता.

तिचा धाकटा भाऊ ऑर्विल बंदरात बोटी पाण्याबाहेर उचलायचा. एका रविवारी तो जेवायला आला, तो गाडीत नवीकोरी साखळी घेऊनच.

“तुमच्या कारखान्याची आहे, व्हर्ना! शिक्का बघूनच घेतली.”

“परत कर ती.”

“डोकंबिकं फिरलं का तुझं? जन्मभर हिचेच गोडवे गायलीस.”

“ती आमची नाही रे. आम्ही नुसता शिक्का मारतो.”

ऑर्विलने आणखी पिएरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढून घेतल्या. “हे बाहेर बोलू नकोस. कारखान्याला टाळं लागलं तर लोक तुला फाडून खातील.”

सकाळी ती कामावर न जाता थेट बंदरावर गेली. वारा पडला होता, पाणी शिशासारखं काळपट. बोट अधांतरी लटकत होती आणि साखळी बारीक किरकिरत होती. चांगली साखळी अशी कधी वाजत नाही.

“ऑर्विल, बाजूला हो!”

तो वैतागून तिच्याकडे चालत आला, “इथे कशाला तमाशा...”

तेवढ्यात कडी फाकली. तो आधी उभा होता तिथेच बोट आदळली. तुटलेलं टोक सपकन येऊन त्याच्या नडगीचा चुरा करून गेलं. जीव वाचला, पाय गेला.

व्हर्नाने गावाच्या सभेत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोललं नाही. शिक्क्यावर दुसरी बाई बसली.

हिवाळ्यात ऑर्विल व्हर्नाच्या घरी खिडकीशी बसलेला असे. साखळ्यांनी भरलेले कारखान्याचे ट्रक महामार्गाकडे वळताना दिसत.

“कुठे जातात गं हे?” त्याने एकदा विचारलं.

“सगळीकडे,” ती म्हणाली आणि पडदा ओढू लागली. तो म्हणाला, “राहू दे उघडा.”