आर्विडची कानस न लागलेली रायफल

मागच्या हंगामात लोवेल हेगस्टाडने एका एल्कवर गोळी झाडली आणि तो एल्क त्याला सापडलाच नाही. सांबरापेक्षा थोराड जनावर. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत आला आणि पाण्यात संपला. तेव्हापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत लोवेलचे डोळे बायकोपेक्षा अंमळ उशिरा उघडत.

नेम चुकला तो नजरेमुळे. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी आता धूसर दिसे. यंदा रायफलीला दुर्बीण बसवायची, नाहीतर डोंगर चढायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पण रायफल होती थोरल्या भावाची. आर्विडने ती जर्मनीहून, युद्धावरून आणलेली. कंबर मोडल्यावर लोवेलला दिलेली. दुर्बीण म्हणजे पोलादाला भोकं, काडतूस आत सारणाऱ्या बोल्टची दांडी कापून वाकवणं. मग नळी नवी, दस्ता अक्रोडाचा. मोन्टानात असं कितीतरी जणांनी केलेलं. आर्विड मात्र भेटेल त्याला सांगे, "कारखान्यातून निघाली तश्शी आहे. कानस लागलेली नाही."

"दुकानात दुर्बिणीसकट नवी मिळते," त्याची बायको आर्लीन बटाटे सोलत म्हणाली. "पण नाही! हिलाच चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दे एकदाचा."

लोवेल वृद्धाश्रमात जाऊन भावाला विचारून आला.

"काप की," आर्विड म्हणाला. "माझ्या पेटीत घालून पुरणार होतास?" आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

वेंडेलचं बंदूक दुरुस्तीचं दुकान गॅरेजमध्येच होतं. काम हातात घेण्याआधी त्याने नळीमागच्या पोलादावर, दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, कानस फिरवली. कडक पोलादावरून ती घसरायला हवी होती. ती रुतली.

"बोल्ट उचलायला जड जातो का रे हल्ली?"

"जातो. वाटलं, मनगटं म्हातारी झाली."

"मनगटं धड आहेत तुझी. हिने आग बघितलीय. पोलाद मऊ पडलंय. एक दिवस तोंडावर फुटली असती. मी हिच्यावर काही बांधणार नाही, आणि तूही हिच्यात काडतूस घालू नकोस."

लोवेलला आर्विडची जळालेली शेड आठवली. रायफल घरात होती, असं आर्विड तेव्हा म्हणाला होता. दस्ता नंतर जरा उजळ दिसायचा, एवढंच.

रविवारी उपासनेनंतर तो आश्रमात गेला.

"कापलीस?" आर्विडने विचारलं.

"नाही. भिंतीवर टांगली. काडतुसावर आदळते ती आतली सुई काढून टाकली."

आर्विडचा कप अर्ध्यावरच थांबला.

"लाकूड तेवढं जळलं होतं रे," तो म्हणाला. "नवं बसवलं. लोखंडाला काय होतंय, असं वाटलं मला."

"बहुतेकांना तसंच वाटतं."

"लोकांना काय सांगशील?"

"तू सांगतोस तेच. फक्त कानसेचं सोडून. वेंडेलने ती एकदा फिरवलीय."

आर्विडने कप खाली ठेवला. "मग यंदा एल्क?"

"दुकानातली घेतली. दुर्बीण आहे. दस्ता काळ्या प्लास्टिकचा."

"शी! जनावर हसून मरेल."

"हसून मरू दे," लोवेल म्हणाला. "जागच्या जागी मरू दे म्हणजे झालं."