चांगोची उमेदवारी आणि नागूची आवणी

माझ्या बहिणीचा, गौराबाईचा चांगो म्हणजे आमच्या लोधिवलीचं भूषण. बी.ए. झाला, तोही इतिहास घेऊन. आता मोहोपाड्याच्या कारखान्यांना इतिहास कशाला लागतोय? दोन वर्षं माझ्या चुलीपुढे बसून त्याने राजेरजवाडे सांगितले आणि चहा ढोसला.

शेवटी कॉलेजच्या सरांनी एका कारखान्याच्या कामगार खात्यात शब्द टाकला. उमेदवारी! म्हणजे राबायचं, पगार मागायचा नाही. साहेब म्हणाले, "दरवर्षी आवणीला निम्मे कामगार भात लावायला पळतात. यंदा ते थांबव, तुला कायम करतो."

गौरा देवापुढे बसली. आणि आमच्या विद्वानाने काय केलं? गेटवर लांबलचक नोटीस लावली, 'शेती व उद्योग यांचे ऐतिहासिक संबंध'. लोकांनी तिच्याखाली बसून डबे खाल्ले.

"अरं चांग्या, ज्याचं रोप पिवळं पडतंय तो तुझं पुराण वाचंल?"

"मग काय करू गं मावशे?"

"बी.ए. तू झालायस का मी?"

तोंड पाडून बसला. मग एकदम उठला. गावात सावड असते ना, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या? ती त्याने कारखान्याच्या पाळ्यांना जोडली. सकाळपाळीवाले सुटले की रातपाळीवाल्यांचं लावतील, ते झोप काढून यांचं. घरोघर फिरून सगळ्यांना कबूल करवलं.

आवणी लागली तरी कारखाना भरलेला! साहेब खूश होऊन खात्यात आले, तर चांगोचीच खुर्ची रिकामी. शिपाई गौराच्या दारात. त्या दिवशी सावड सकाळपाळीच्या नागूकडे होती, मी धावले त्याच्या शेतात. हा गुडघाभर चिखलात!

"मेल्या, साहेब शोधतोय तुला!"

"एक गडी आजारी पडला गं. नागू कामावर हाय, त्याची सावड टाकून कसा येऊ?"

"नोकरी जाईल रं!"

"आन् मीच मोडली तर उद्या कोण यील?"

मी कपाळ बडवतेय, तोच साहेबांची जीप बांधाला लागली.

"कुणाला विचारून सुट्टी घेतली?"

"साहेब, उमेदवाराला सुट्टीच नाय. मग विचारू कुणाला?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, लावलेल्या शेताकडे पाहिलं. "सोमवारी पाय धुऊन ये. कायमचा."

गौरा रडली. आणि हा? अजून दर आवणीला गेटवर नोटीस लावतो. आधीपेक्षा लांब.