गाण्यानंतरचं बोलणं

जयराम पगारे बोलत नाही, हे नाशिकच्या सिडकोतल्या त्याच्या गल्लीत कुणीही सांगेल. तो गर्विष्ठ मुळीच नाही. दिसलात तर जयभीम घालील, चहाला बसवील, तुमचा मिक्सर बिघडला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःहून येईल. पण मनातलं म्हणून जे असतं ना, ते या माणसाच्या तोंडून काढायचं म्हणजे महाकठीण काम. उभी उमर अंबडच्या कंपनीत लेथ मशीनवर गेली. मशीनला कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही, त्यामुळे निभावलं. सविताला बघायला गेला तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हा पठ्ठ्या म्हणाला, चहा चांगला झालाय. सविताने त्याचा अर्थ होकार असा लावून घेतला, आणि बिचारी आजतागायत असेच अर्थ लावत आली आहे.

त्याचं जे काही बोलणं असेल ते गिटारवर. काळ्या रंगाची, सेकंडहँड घेतलेली इलेक्ट्रिक गिटार. तरुणपणी किशोर नावाच्या मित्राच्या ऑर्केस्ट्रात तो ती वाजवायचा. जयंतीचे कार्यक्रम, लग्नाच्या हळदी, कधी पेठ, कधी हरसूल. जीपमध्ये स्पीकर, स्पीकरवर माणसं, आणि जयरामच्या मांडीवर गिटार. तिच्यात एक खोड होती. तारांखाली जो पिकअप असतो, तारेचा आवाज पकडून स्पीकरला देणारा, तो जुना होऊन आतून सैल झाला होता. गिटारवर नुसती टिचकी मारली तरी स्पीकरमधून ठक्क यायचं. एकदा हरसूलला बाजाराच्या मैदानात कार्यक्रम होता. दुपारपासून कुणी जेवायला विचारलं नव्हतं. जयराम तार लावायला गिटारवर ओणवा झाला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "नुसतं वाजवून घेतील हे, भाकर नाय देणार." सैल पिकअपने ते पकडलं आणि अख्ख्या मैदानाने ऐकलं. हशा पिकला, आणि पाच मिनिटांत पिठलं-भाकरी स्टेजवर आली. किशोर मग कायम चिडवायचा, जयराम मुका आहे पण त्याच्या गिटारीला कान आहेत.

आणखी एक सवय त्या काळातली. जयरामचा थोरला भाऊ भिमाजी मस्कतला कामाला होता. फोन परवडत नव्हते, म्हणून घरून त्याला कॅसेट जायची. टेपरेकॉर्डर चटईवर मधोमध ठेवायचा, आधी जयरामने गिटारवर एखादं गाणं वाजवायचं, आणि गाणं संपलं की घरातल्या एकेकाने बोलायचं. आईने रडायचं, वडिलांनी पत्रा बदलल्याचं सांगायचं. जयरामच्या छोट्या पिंकीने ‘काका, बाहुली’ एवढंच म्हणायचं. आणि नवल म्हणजे या कॅसेटवर जयरामही बोलायचा. समोर माणूस नसला, गाणं नुकतंच संपलेलं असलं, की त्याचा गळा मोकळा व्हायचा. दादा, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, हे वाक्य त्याने कॅसेटला सांगितलेलं सविताने स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

तर ती पिंकी. एकुलती एक लेक. जयंतीच्या स्टेजवर बापाच्या गिटारवर गायची, किशोरने लिहिलेलं आईवरचं गाणं तर तिच्या नावावरच लागलं होतं. शिकली, बंगळूरला नोकरीला लागली, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत येऊन म्हणाली, पप्पा, मला साईशी लग्न करायचंय. साई तिच्या ऑफिसातला, तेलुगू बोलणारा मुलगा. जयरामच्या मनात एवढंच होतं की तुला आवडलाय ना, मग झालं. पण गळ्यात अडकलं. हा उठला, खुंटीवरची गिटार काढली आणि तारा पिळत बसला. पोरगी समोर उभी. तिने बरीच वाट पाहिली. मग तिनेही अर्थ लावला, आणि आईसारखा बरोबर नाही लावला. लग्न तिकडेच रजिस्टर झालं. सविता एकटीच लग्नाला गेली. जयरामला तिने स्वतःच्या तोंडाने बोलावलं नाही आणि याने विचारलं नाही. कंपनीत अर्जंट माल आहे म्हणाला आणि कामावर गेला. वा रे शहाणा! त्या दिवशी मशीनवर त्याने तयार केलेला एकही पार्ट मापात आला नाही, हे मात्र कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून पिंकी नाशिकला आली नाही. फोनवर विचारायची, जेवलात का. हा म्हणायचा, जेवलो, आईला देतो.

जयराम रिटायर झाला त्या महिन्यात तिच्याकडून पार्सल आलं. आत साबणाच्या डबीएवढी एक पेटी, तिला एका बाजूला गिटारची पिन जाईल असं भोक, दुसऱ्या बाजूला हेडफोनचं, आणि फोनला जोडायची वायर. सोबत व्हॉट्सॲपवर पिंकीचा आवाज आला. याला इंटरफेस म्हणतात, पप्पा. गिटार याच्यात लावा, हे फोनला लावा, हेडफोन घाला. शेजारीपाजारी कुणाला त्रास नाही, एवढा मोठा ॲम्प्लिफायर नको. लाल बटण दाबून वाजवा आणि मला पाठवा, मी त्याच्यावर गाईन.

जयरामने हेडफोन घातला, एक तार छेडली, आणि हरसूलचं मैदान दोन कानांच्या मधोमध उभं राहिलं. बाहेर सविताला नुसतं तारेचं टिकटिक ऐकू येत होतं. ती बघत राहिली, नवरा डोळे मिटून बसलाय आणि गालावरून पाणी ओघळतंय. मग ती कुकर लावायला गेली.

त्याने आईवरचं गाणं वाजवलं. गाणं संपलं. स्टेजवरच्या सवयीने त्याने गिटारचं बटण फिरवून आवाज शून्यावर नेला, कारण गाणं संपल्यावर गिटारची घरघर लोकांना ऐकवायची नसते. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता. आणि कॅसेटच्या सवयीने तो बोलायला लागला. पिंके, तुझी खोली तशीच आहे. खिडकीला जाळी लावून घेतली. साईला तिखट चालतं का गं? चुकलं माझं, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. घरी ये. दोघं या.

आयुष्यात एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता. पाठवून दिलं आणि आंघोळ झाल्यासारखा हलका होऊन गच्चीवर जाऊन बसला.

संध्याकाळी उत्तर आलं. बापाच्या गिटारवर लेकीने गायलेलं गाणं. आवाज तोच, जरा जाड झालेला. जयराम जीव कानात आणून ऐकत होता. शेवटचा सूर संपला आणि गाणं तिथेच तुटलं. पुढे काही नाही. खाली तिचा मेसेज होता, ‘मस्त पप्पा! शेवटचं सगळं कापलंय, चालेल ना?’

जयराम त्या ओळीकडे बघत राहिला. मग टाइप केलं, चालेल.

दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. याने दुसरं गाणं पाठवलं, तिसरं पाठवलं. दरवेळी शेवटी बोलायचा, दरवेळी थोडं कमी. पोरगी दरवेळी गाऊन पाठवायची, कौतुक करायची, मधल्या तुकड्यात घाई झाली म्हणायची, आणि त्याचं बोलणं काढून टाकलेलं असायचं. राग असेल तर शिवी तरी द्यावी, असं त्याला वाटायचं. रस्त्यावर रिक्षा थांबली तरी हा खिडकीत जायचा. साधं अन्नावरचं मन उडालं.

सविताने चार दिवस पाहिलं आणि मग जेवणाचं ताटच पुढ्यातून उचललं. काय झालंय ते सांगा, मग जेवा. तेव्हा कुठे हा बोलला, की माझं पिंकीला सगळं सांगून झालंय, तिला यायचंच नाहीये.

सविताला काही उमगेना. सांगितलं कधी? गाण्याच्या शेवटी, दरवेळी, असं तो म्हणाला. तिने हेडफोन मागितला. पाठवलेली गाणी याने स्वतः कधी ऐकली नव्हती, आपलंच वाजवलेलं ऐकायला त्याला लाज वाटते. सविताने पहिलं गाणं लावलं, संपेपर्यंत ऐकलं, त्यानंतरची शांतता ऐकली. मग दुसरं. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"अहो, यात तुमचा एक शब्द नाही."

ती पेटी म्हणजे चटईवरचा टेपरेकॉर्डर नव्हे. जी वायर खोचली तिच्यातून येईल तेवढंच ती घेते, खोलीतलं काही घेत नाही. आणि गिटारचं बटण तर हा स्वतःच बंद करून बोलत होता. पोरीच्या वाट्याला नुसती रिकामी जागा येत होती, तीच ती कापत होती. जयराम डोक्याला हात लावून बसला.

सविता म्हणाली, हा फोन घ्या आणि आत्ता बोला. त्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर नाही जमत मला, म्हणाला. तिने कपाळावर हात मारला आणि भांडी घासायला गेली.

दुपारी त्याने आईवरचंच गाणं पुन्हा वाजवलं. शेवटचा सूर विरला. या वेळी बटण शून्यावर नेलं नाही, पार शेवटपर्यंत उघडलं. मग गिटार उभी छातीशी धरली, तोंड तारांना टेकेल इतकं खाली नेलं, आणि ज्याच्यातून हरसूलला भाकरी मागितली गेली होती त्या सैल पिकअपमध्ये बोलला, घरी ये, दोघं या. हेडफोनमध्ये त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, डब्यातून आल्यासारखा, घोगरा, तारांच्या कंपात गुंडाळलेला. त्याने लगेच पाठवून दिलं, नाहीतर धीर गेला असता.

थोड्या वेळाने फोन वाजला. पिंकीचा मेसेज. ‘पप्पा, एक नंबर! शेवटी काहीतरी घरघर आलीये, गिटार जुनी झाली. कापून टाकते.’

 जयरामला चष्मा कुठे, बोट कुठे, काही सुधरेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून लेकीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला, आणि तिचा आवाज घाबरलेला.

"पप्पा? आई बरी आहे ना?"

बापाचा फोन आला म्हणजे घरात काही वाईटच झालं असणार, असं पोरीला वाटावं. ते त्याला फार लागलं.

"आई बरी आहे. ते शेवटचं कापू नको."

"का?"

"त्यात मी बोललोय."

 स्वयंपाकघरात नळ बंद झाला. सविता ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"काय बोललात?" पिंकीने विचारलं.

समोर गिटार नव्हती, लाल दिवा नव्हता. जयरामने भिंतीचा आधार घेतला. "घरी ये म्हणालो. साईला घेऊन. दरवेळी म्हणालो, तुला पोचलंच नाही."

  मग लहानपणी स्टेजवर जायच्या आधी यायचा तसा तिचा बारीक आवाज आला.

"परत म्हणा ना, पप्पा."

तिला नीट ऐकू गेलं होतं, हे त्याला कळलं होतं. तरी तो परत म्हणाला.