धानातला एक फेरा

आमच्या राइस मिलमध्ये पाय मोडला की नुसता मुरगळला, हे ठरवायची एक रीत होती. डॉक्टर त्यात कुठंच नव्हता. वाफवलेलं धान सिमेंटच्या मोठ्या अंगणात पसरलेलं असायचं. बाया त्यातून अनवाणी, पाय न उचलता ओढत ओढत चालायच्या, म्हणजे खालचं ओलं धान वर यायचं आणि सगळं सारखं वाळायचं. याला धान फिरवणं म्हणतात. कुणी पडली, कुणाच्या पायावर काही आदळलं, की मोठ्या बाया म्हणायच्या, एक फेरा मार. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. फेरा पुरा झाला तर हाड शाबूत, लाग कामाला. मध्येच खाली बसली तर घरी पाठवा.

माझी माय त्या मिलमध्ये धान फिरवायची. मिल गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घरात आम्ही दोघीच. आणि मी त्याच अंगणात स्केटिंग करायचे. बर्फावर जे करतात, गिरक्या आणि उड्या, तेच आम्ही चाकांवर करतो. बर्फ मी अजूनही फक्त सरबताच्या गाडीवर पाहिला आहे. शहरात एक सर शाळेच्या कोर्टवर शिकवायचे, पण तिथं आठवड्यातून तीनच दिवस जागा मिळायची. मिलमध्ये धान वाळवायचा एक ड्रायर बसला तेव्हा निम्मं अंगण रिकामं झालं. मुकादमानं मला सकाळी सात वाजेपर्यंत तिथं खेळायची परवानगी दिली. बुटांना चाकं लावलेले माझे स्केट्स एका मोठ्या मुलीचे जुने होते, एक नंबर मोठे. मी दोन मोजे घालायचे.

राज्य स्पर्धा आठ दिवसांवर होती. पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. सरांच्या मुलींपैकी तिथवर कुणी पोचलं नव्हतं. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी नोकरी शोधायची, हे ठरलेलं होतं, म्हणजे संधी ही एकच. आणि माझ्याकडे दोन गिरक्यांची उडी होती, डबल. डाव्या बुटाचा पुढचा स्टॉपर, म्हणजे रबराचा ठोकळा, जमिनीवर टेकून वर जायचं, हवेत दोनदा फिरायचं आणि उजव्या पायावर मागे सरकत उतरायचं. ती उडी बसली तर मी तिसरी येऊ शकत होते. नाही बसली तर नाही.

त्या सकाळी ती बसली नाही. उजवा पाय बाहेरच्या कडेवर दुमडला आणि मी त्याच्यावर पडले. बाया नुकत्याच कामावर आल्या होत्या, दुसऱ्या अर्ध्या अंगणात वाफेच्या टाकीतून काढलेलं धान पसरणं चालू होतं. माय खराटा टाकून आली.

"कायले रडून राह्यली व?"

"दुखून राह्यलं, माय."

"पडली तं दुखंलच. गुदगुल्या होतील का? काढ ते बूट."

पाय सुजायला लागला होता. सगळ्यांत जुनी जी बाई होती, तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हाड गेलं असतं तं इतकं गोड रडली नसती ही. एक फेरा मारू द्या तिले. कॉलेजचा पाय हाय, पाहू तरी कसा चालते."

बाया हसल्या. मीही हसले. मी उठले आणि फेरा मारला.

वाफेचं धान ऊन असतं, ओलं असतं, घोट्यापर्यंत पाय आत जातो. ते पायाला चारही बाजूंनी धरून ठेवतं. पाय उचलायचा नसतो, वजन टाचेवर राहतं, नुसतं सरकायचं. मी टोकापर्यंत गेले आणि परत आले. उलट बरं वाटलं. मायनं माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं. साबूत हाय."

इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी सशाच्या पायाचं एकूणएक हाड ओळखून दाखवलं होतं. माझ्या वहीतली आकृती मॅडमनी वर्गात फिरवली होती. घराण्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते मी लपवत नाही. त्या सकाळी त्या वहीतली एकही ओळ मला आठवली नाही. मी फेऱ्यावर मायएवढाच विश्वास ठेवला, कारण मला साबूत निघायचं होतं.

आठ दिवस मी उड्या मारल्या नाहीत. सरांना म्हटलं, लचक आहे. सरांनी पाय दाबून पाहिला, मी ओठ चावून उभी राहिले. मग त्यांनी तिघांची तिकिटं काढली. गाडीनं नागपूरला गेलो, सर, मी आणि माय. मायनं मला खेळताना रोज पाहिलं होतं, पण अंगणात. हॉलमध्ये, चमकत्या कपड्यांत, गाण्यावर, हे पहिल्यांदाच. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती सगळ्यांत मागच्या रांगेत बसली.

सकाळी शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे स्पर्धेचा छोटा भाग, झाला. त्यात मी एकाच गिरकीची उडी मारली आणि चौथी आले. बाकावर येऊन बसले तेव्हा बुटाच्या आत पाय ठणकत होता, जणू पायाला वेगळं हृदय आहे. एक मोजा आधीच काढून टाकला होता, तरी बूट घट्ट झाला होता. मी नाडीला हात घातला, तर सरांनी माझा हात धरला.

"बेटा, जूता मत उतारना. एक बार उतारा तो वापस नहीं जाएगा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. लचकेला कुणी असं म्हणत नाही. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "ठीक आहे, सर."

"डबल मारेगी?"

"मारीन."

तीन तास मी बूट घालून बसले. मायनं आणलेली भाकर मी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. दुपारी लाँग प्रोग्राम, मोठा भाग; नंबर दोन्हींचे गुण मिळून लागायचा. गाणं सुरू झालं आणि पाय दुखायचा थांबला, हे खरं आहे, मी बढाई मारत नाही. दुसऱ्या मिनिटाला मी स्टॉपर टेकला, वर गेले, दोनदा फिरले आणि उजव्या पायावर उतरले. पडले नाही. पण उतरताना एक आवाज झाला. गाणं मोठ्यानं चालू होतं, तरी तो मला कळला, कानात नाही, दातांत. त्यानंतर अजून दीड मिनिट मी गिरक्या घेतल्या, हात पसरले, परीक्षकांकडे पाहून हसले. ते हसू फोटोत आहे. तो फोटो मी पाहू शकत नाही.

मी तिसरी आले.

बूट निघेना. सरांनी कुणाकडून तरी कात्री आणली, आधी नाडी कापली, मग बुटाचं चामडं उभं कापलं. आतून जो पाय निघाला तो माझा वाटत नव्हता. वांग्याच्या रंगाचा, त्यावर मोज्याची वीण उमटलेली. मायनं एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्या दुखण्यावरून तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हॉलजवळच्या एका छोट्या दवाखान्यात एक्सरे काढला. डॉक्टर तरुण होते. फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "कधी पडलीस?"

"आठ दिवस झाले."

"आणि आज?"

"आज पडले नाही. आज स्पर्धा होती."

त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि सरांकडे पाहिलं. सर दाराबाहेर फोन करायला गेले. करंगळीच्या मागचं लांब हाड आठ दिवसांपूर्वीच मोडलं होतं. आज त्याची दोन टोकं एकमेकांवरून सरकली होती. सहा आठवडे प्लास्टर.

"पण तिनं फेरा मारला होता, साहेब," माय म्हणाली.

डॉक्टरांना कळेना. मायनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, अंगण, धान, हे टोक, ते टोक. अगदी मन लावून, जणू त्यांचं शिक्षण अपुरं राहिलं आहे. ते ऐकून घेत म्हणाले, "बाई, मोडलेल्या पायानं चालता येतं. कुठलं हाड आहे त्यावर असतं. ही तर नाचून आली."

माझ्या पायाला प्लास्टर घालून होईपर्यंत माय त्या फिल्मकडे पाहत राहिली. मग तिनं चप्पल काढली आणि डावा पाय स्टुलावर ठेवला.

"मंग ह्याचा बी फोटो काढता का?"

मला लाज वाटली. खरंच वाटली. वाटलं, आलो आहोत तर आपलंही पाहून घ्या, असं बाजारासारखं करते आहे. मी हळूच म्हटलं, "माय, नोको ना." तिनं लक्ष दिलं नाही.

तिची फिल्म आली. मधल्या बोटांमागची दोन हाडं जुनी मोडलेली होती आणि तशीच, एकावर एक चढून, जुळली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीचं? माय आठवू लागली, जसं एखाद्या लग्नाचं साल आठवतात.

"कट्टा पडला होता धानाचा, पायावर. भरलेलं पोतं. ही दहावीले होती. फेरा पुरा केला मी, मंग कामावरच होतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले सांगतलं नाही, तुही परीक्षा होती."

दहावीचं ते वर्ष मला लख्ख आठवतं. त्याच वर्षी मला स्केट्स मिळाले. एक धानाचा दाणा चाकाखाली आला तरी माणूस आडवा होतो, म्हणून पहाटे माझ्या आधी उठून माय ते निम्मं अंगण दोनदा झाडायची. मी बाजूला उभी राहून म्हणायचे, तिकडं राहिलं, माय, तिकडं.

गोंदियाला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. राष्ट्रीय स्पर्धा चार आठवड्यांवर होती. त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं. प्लास्टर काढून टेप लावता येतो, त्या दिवशी सुन्न करायचं इंजेक्शन मिळतं, हाड नंतरही जुळतं. "सब करते हैं बेटा, ऊपर के लेव्हल पे." मी खाटेवर पाय उशीवर ठेवून बसले होते. नाही म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. मी म्हटलं, "येते, सर."

मायनं फोन माझ्या हातातून घेतला. "ती येत नाही," एवढंच बोलली आणि बंद केला.

"माय, तू कोण ठरवणारी?"

"मोडला हाय तुहा पाय. फोटोत दिसून राह्यलं."

"तुझाबी दिसला फोटोत."

"माहा जुळला."

"वाकडा जुळला. डॉक्टर म्हणाले ना, उभं राहायचं काम बंद करा."

"मंग धान कोण फिरवंल? तुहे सर?" तिनं डबा पिशवीत टाकला. "बस गुमान. मी येतो संध्याकाळी."

ती निघाली. दारातून मिलचं फाटक दिसतं, पाचेक मिनिटांचा रस्ता. मी तिला जाताना पाहिलं. डावा पाय ती बाहेर वळवून ठेवत होती, टाच आधी टेकून, आणि वजन पडायच्या आत झटक्यानं उजव्यावर घेत होती. प्रत्येक पावलाला. ही माझ्या मायची चाल आहे, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. गर्दीतही मी तिला त्याच चालीवरून लांबून ओळखायचे. ती दुखण्याची चाल आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं, मला, जिची आकृती वर्गात फिरवली होती.

ती फाटकातून आत गेली. मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग सरांना लावला.

"सर, माझं नाव काढा."

"मम्मी ने बोला क्या? मैं समझाता हूँ उनको."

"नाही. मीच सांगते आहे."

सर म्हणाले, अगले साल. आम्हां दोघांनाही माहीत होतं की पुढचं साल नाही. माझ्या जागी चौथी आलेली मुलगी गेली.

फोन ठेवला आणि पाय पुन्हा उशीवर नीट टेकवला. मायनं फोन ओढून घेतला नसता आणि ती त्या रस्त्यानं चालत गेली नसती, तर मी प्लास्टर कापायला कात्री शोधली असती.