डोळे नसलेली फौज

आमच्या माले गावातल्या घराची वरची खोली अकोल्याकडच्या एका आयटीवाल्याला दिली आहे. आयर्लंडच्या पुराणातल्या लढायांवर त्यानं स्वतःच दोघांनी टेबलावर खेळायचा एक खेळ रचलाय. बोटाएवढ्या सैनिकांच्या दोन फौजा तो सुट्टीभर रंगवायचा, पण डोळे कुणालाच काढायचा नाही.

“समोर खेळणारा बसला की काढतो, काका.”

समोरच्या खुर्चीवर तो टॉवेलसुद्धा टाकायचा नाही.

“येतो की खेळायला, एवढी भाताची लावणी उरकू दे,” मी म्हणायचो. असे तीन पावसाळे गेले.

परवा वर गेलो, तर खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता आणि तो एकेक रंगवलेला सैनिक काळ्या रंगात बुडवत होता.

“आज मोकळा हाय मी,” म्हणालो.

“बसा ना, काका.”

त्यानं कपडे उचलून खुर्ची मोकळी केली आणि पुढचा सैनिक बुडवला.