काकांच्या ताटातली मिरची

काकूचा फोन आला तेव्हा मी करंजाड्याला होते. "तुझे काका गेले गं," ती म्हणाली. आणि मग, "शेवटी शेवटी मी त्यांना चवीचं खाऊच दिलं नाही." ते वाक्य अजून माझी पाठ सोडत नाही.

काका मराठवाड्यातून येऊन कामोठ्यात स्थिरावलेले. बुद्ध विहारातल्या सभांची पत्रकं तेच लिहायचे. लहानपणी मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. कुणी काही ठासून सांगितलं की विचारायचे, "पुरावा कुठाय?" आणि ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा नसला तर जेवायलाच बसायचे नाहीत.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी तेल-मीठ कमी करायला सांगितलं. घरी येईपर्यंत त्याचं 'तिखट बंद' झालं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी मिरची जाते, मीठ जागेवर राहतं. त्यात सोसायटीतल्या एक बाई भेटायला आल्या. "तुमच्या लोकांचं जेवण फार जळजळीत हो. आता तरी सात्त्विक खा." काकू ओशाळली. मला अजून चीड येते. ताट बघून माणसाची पायरी ठरवणारं हे कसलं सात्त्विक?

"हे जेवण हाय का दवाखाना?" काका वरणभाताकडे बघत म्हणायचे.

"गपचूप खा. भाषण नको."

पण काकूचाही जीव तुटायचा. चव यावी म्हणून तीच वरणात चिमूटभर मीठ जास्त घालायची, वर पापड भाजायची.

शेवटच्या तपासणीला मी काका-काकूंसोबत होते. मिरचीतला तिखट घटक आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसतो आणि त्याचा हृदयाला फायदा होतो, असं काकांनी कुठंतरी वाचलं होतं. "खरंय का, डॉक्टर?"

"संशोधन चाललंय, पक्कं काही नाही. पण पोटाला झेपत असेल तर थोडी मिरची खा की. मी मीठ कमी करा म्हटलं होतं."

काकूचा चेहरा उतरला. काका बाहेर येऊन तिलाच हसवायला लागले. "अगं, रविवारी ठेचा कर. बिनमिठाचा. बघू तुझ्या हाताला किती चव हाय!"

तो रविवार त्यांना दिसलाच नाही... मिठानेच गेले असं मी लिहिणार नाही. तसा पुरावा नाही. पण ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांच्याच घरात भीतीने आणि लाजेने 'मिरची चालेल का?' हा एक साधा प्रश्न इतके महिने अडून राहिला.

परवा गेले तर काकू दगडी खलात भाजलेल्या मिरच्या नि लसूण कुटत होती. हात मिठाच्या डब्याकडे गेला... थांबला. तिने वर लिंबू पिळलं आणि भाकरीच्या तुकड्यावर ठेचा माझ्यापुढे धरला.

"बघ गं, लागतो का चांगला?"

चांगला लागत होता. तेच तिला सांगणं जड गेलं.