खोबऱ्याच्या कुकीज आणि बाबांचा उजवा हात

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. डोंबिवलीतल्या आमच्या घरी दुपारी चारच्या सुमारास मी खोबरं-चॉकलेटच्या कुकीज करायला घेतल्या. बायको माहेरी कल्याणला गेलेली, आणि आठ वर्षांची आमची रेवा सकाळपासून मागे लागलेली...

रेसिपी अगदी सोपी आहे. बटर आणि पिठीसाखर फेटायची, त्यात मैदा, डेसिकेटेड कोकोनट, थोडी कोको पावडर, चिमूटभर बेकिंग पावडर आणि चॉकलेटचे तुकडे. दोन-तीन चमचे दुधात गोळा होतो. अंडं नाही, लाटणं नाही.

ओटा रेवाला गोळे वळायला अजून उंच पडतो, म्हणून मी परात डायनिंग टेबलवर आणली. तिथेच माझे बाबा बसलेले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एका कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पट्टी न लावता मारलेली त्यांची रेघसुद्धा सरळ यायची. या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, बोलणंही बरंचसं परत आलं... हात मात्र तसाच राहिला.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी यायच्या. त्यांनी दाबायला मऊ बॉल दिला, मुलांची क्ले दिली. हात वापरत राहिलात तरच सुधारेल, असं त्या दर वेळी बजावून जायच्या. बाबा त्यांच्यासमोर सगळं करायचे, आणि त्या गेल्या की बॉल ड्रॉवरमध्ये. आईने समजावून पाहिलं. मी एकदा चांगलाच चिडलो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर त्या दुपारी रेवा गोळे वळत होती. तिने सहज बाबांसमोर थोडं पीठ सरकवलं आणि मदत करा म्हणाली. बाबांनी डाव्या हाताने घेतलं, पण खोबऱ्यामुळे ते सुटं होत होतं. एका हाताने वळेचना.

मग बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर उताणा ठेवला. त्यावर पीठ ठेवलं आणि वरून डाव्या तळव्याने हळूहळू फिरवायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी ट्रेवर बटर पेपर लावत राहिलो, मान वर न करता.

पाच गोळे झाले. एकही गोल नव्हता. पाचही ट्रेच्या एका कडेला ठेवून मी ओव्हनमध्ये टाकले.

कुकीज थोड्या निवल्यावर मी प्लेट टेबलावर ठेवली. रेवा उचलणार, तेवढ्यात बाबा तिला थांब म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी एक कुकी उचलून उजव्या हाताच्या बोटांत बसवली आणि तो हात तिच्याकडे न्यायला लागले. मध्येच बोटं सुटली. कुकी जमिनीवर पडून तिचे दोन तुकडे झाले.

त्यांनी दुसरी घेतली. तीही पडली.

रेवा म्हणाली, "आजोबा, डाव्या हाताने द्या ना. मला चालेल."

"डाव्या हाताने देऊ नये, बाळा," बाबा म्हणाले. मग देवघराकडे बघत, "देवाला तरी कसं वाहू?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग एकदम लक्षात आलं... रोज अंघोळ झाली की पूजेला बसणारे बाबा आजारपणानंतर एकदाही देवघरासमोर बसले नव्हते. आईच पूजा करायची. त्यांचा देवावरचा विश्वास उडालाय असं तिने मनाशी धरलेलं, मीही तेच समजत होतो. घरात कोणी तो विषयच काढायचं नाही.

आई पुढे आली. तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटायची."

आई तिथेच खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी तिसरी कुकी घेतली. या वेळी रेवाने आपली ओंजळ अगदी त्यांच्या हाताखाली धरली. ती कुकी पडली की दिली, मला सांगता येणार नाही... पण रेवाच्या ओंजळीत पोचली.

सोमवारी मी फिजिओथेरपिस्टना सगळं सांगितलं. त्यांनी बॉल बाजूला ठेवला आणि आईकडे जास्वंदीचं फूल मागितलं. त्यानंतर व्यायाम तोच झाला... फूल उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. बाबांना व्यायाम करा म्हणून सांगावं लागलं नाही. कुकीजही दर रविवारी होतात, गोळे तेच वळतात.

हात पूर्ण बरा होईल की नाही, माहीत नाही. डॉक्टरही काही खात्रीने सांगत नाहीत. फुलं पुष्कळदा ताम्हनात न पडता बाहेर पडतात.

तेवढे महिने आम्ही सगळे त्यांच्या हाताची चौकशी करत होतो. त्या हाताने त्यांना काय करायचंय, हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. रेवाने परातीतलं पीठ पुढे सरकवलं, म्हणून निदान बाबांना ते सांगता तरी आलं.

आज सकाळी पूजेला त्यांना पाऊण तास लागला. आई शेजारी पाटावर बसलेली. पडलेलं फूल तिने उचललं नाही, ते त्यांनाच उचलू दिलं.